परीक्षेपुरते विद्यार्थी

आपल्या समाजात शिक्षणाविषयी बोलले जात नाही, असे आता कुणी म्हणू शकणार नाही. जलसा कुठलाही असो, भाषणात 'तालीम' हा शब्द दहा वेळा येतो. मोहल्ल्यात एखादा मुलगा बी.कॉम. झाला, एखादी मुलगी बी.एस्सी. झाली की पेढे वाटले जातात, मोबाइलवर फोटो फिरतो, मुबारकबादी येतात. हे चांगलेच आहे. एका पिढीमागे हेही नव्हते. पण पेढा हातात घेताना आम्ही एक प्रश्न हमखास विचारतो. तीन वर्षे कॉलेजात होता, तर परीक्षेखेरीज काय केले? नाटकात होता का? वक्तृत्व स्पर्धेत उतरलात का? एन.एस.एस.च्या शिबिराला गेलात का? वार्षिकांकात चार ओळी लिहिल्या का? ज्यांच्या घरी जाणे-येणे आहे असे वर्गातले दोन मित्र, दोन मैत्रिणी तरी जोडल्या का? उत्तर बहुधा एकच येते. "इम्तिहान दिये ना, पास हुए."

याला आम्ही अर्धे शिक्षण म्हणतो. फी पूर्ण भरली, वर्षे पूर्ण घालवली आणि घरी आणले ते अर्धेच. उरलेले अर्धे कॉलेजच्या मैदानावर, रंगमंचावर, वाचनालयाच्या कट्ट्यावर आणि शिबिराच्या तंबूत पडून राहिले. ते इतरांच्या मुलांनी उचलले. आपल्या मुलांनी का उचलले नाही, याचा जाब कुणाला तरी विचारायलाच हवा. आम्ही तो तिघांना विचारणार आहोत: आपल्या घरांना, आपल्या उर्दू शाळांना आणि महाविद्यालयांना.

ताडकळस हे परभणी जिल्ह्यात, पूर्णा तालुक्यातले बाजाराचे गाव. इथली मुले पदवीसाठी बहुतेक परभणी किंवा पूर्णा गाठतात. सकाळची एस.टी. पकडायची, दोन-तीन तास वर्गात बसायचे, दुपारच्या एस.टी.ने परत. ज्यांना प्रात्यक्षिके नाहीत त्यांपैकी पुष्कळ जण तर फॉर्म भरायला, हॉल तिकीट घ्यायला आणि पेपर लिहायला तेवढे जातात. कॉलेज त्यांच्या लेखी तहसील कार्यालयासारखे आहे. काम असेल तेव्हा जायचे, शिक्का मारून घ्यायचा, परत यायचे.

आपला जिल्हा येतो नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात. १७ सप्टेंबर १९९४ रोजी हे विद्यापीठ स्थापन झाले. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या चार जिल्ह्यांतली महाविद्यालये त्याच्याकडे आहेत. विद्यापीठाचा आंतरमहाविद्यालयीन युवक महोत्सव भरतो. त्यात संगीत, नृत्य, नाट्य, वाङ्मय, ललित कला अशा विभागांत स्पर्धा होतात. वादविवाद, वक्तृत्व, एकांकिका, मूकाभिनय, नक्कल, लोकनृत्य, रांगोळी, मेहंदी. यातून निवडलेली मुले राज्यातल्या सगळ्या विद्यापीठांच्या 'इंद्रधनुष्य' महोत्सवाला जातात. खेळाडूंसाठी 'अश्वमेध' आहे, संशोधनाची हौस असणाऱ्यांसाठी 'आविष्कार' आहे, आपत्तीच्या वेळी काय करावे हे शिकवणारे 'आव्हान' शिबिर आहे. ही चार नावे आपल्या मोहल्ल्यातल्या किती पालकांनी ऐकली आहेत? मराठवाड्यातल्या युवक महोत्सवांत कव्वालीही होते. डोक्यावर टोपी, गळ्यात रुमाल, टाळ्यांचा ठेका, सगळा थाट आपल्या ओळखीचा. फक्त गाणाऱ्या संघात आपली मुले शोधावी लागतात. ती असलीच तर मांडवाच्या मागच्या बाजूला उभी राहून दाद देत असतात.

गंमत अशी, की ही मुले मुकी जन्मलेली नाहीत. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो, म्हणून हे ठामपणे सांगू शकतो. आपल्या शाळांचा सालाना जलसा एकदा येऊन पाहावा. सातवीतली मुलगी न अडखळता पाच मिनिटे तकरीर करते. बैतबाजीत तर मुलांना आवरावे लागते. समोरच्या संघाने ज्या अक्षरावर शेर सोडला, त्या अक्षराचे तीन शेर यांच्या जिभेवर तयार. नात, तराना, ड्रामा, सगळे होते. मग हीच मुले कॉलेजात गेल्यावर शेवटच्या बाकावर जाऊन का बसतात?

पहिले कारण भाषा. शाळेत मंचाची भाषा उर्दू, कॉलेजात मंचाची भाषा मराठी. आपल्या मुलांना मराठी येत नाही असे नाही. बाजारात, शेतात, दवाखान्यात, एस.टी.त ती मराठीच बोलतात आणि छान बोलतात. पण उर्दू शाळेत मराठी हा बहुतेक ठिकाणी पेपरपुरता विषय राहिला आहे. निबंध पाठ करायचा, पत्राचा नमुना पाठ करायचा, गुण मिळवायचे. शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा २०२० मध्ये आला. कायद्याने तासिका मिळते, तोंड उघडत नाही. ज्या मुलाने दहा वर्षांत एकदाही शाळेच्या मंचावरून मराठीत चार वाक्ये म्हटली नाहीत, तो कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेत नाव कसे देणार? उच्चाराला कुणी हसले, 'ळ' आणि 'ण' वर कुणी बोट ठेवले, की संपले. पुढची तीन वर्षे तो मुलगा गप्प.

इथे इतिहास आठवावा. परभणी हा तेव्हाच्या हैदराबाद संस्थानातला जिल्हा. १९१८ मध्ये हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा तिथली शिक्षणाची भाषा उर्दू होती. विज्ञानसुद्धा उर्दूतून शिकवत. मराठवाड्यातली मराठी घरांतली मुले तिथे गेली आणि उर्दूतून शिकली. त्यांची मराठी त्यामुळे बुडाली नाही. आज पारडे फिरले आहे. तेव्हा त्यांनी आपल्या भाषेतून शिकून दाखवले, आता आपल्या मुलांनी मराठीतून बोलून दाखवावे, यात कमीपणा कसला? उर्दू आमची रोजीरोटी आहे आणि जीव की प्राण आहे. म्हणूनच सांगतो, उर्दूचे रक्षण मुलांना मुके ठेवून होत नसते.

दुसरे कारण घर. "कॉलेज पढने के लिए है, नाचने-गाने के लिए नहीं." हे वाक्य आपल्या घराघरांत ऐकू येते आणि ऐकणाऱ्यांना ते फार दीनदार वाटते. आम्हाला ते अज्ञानाचे वाटते. ज्या अलीगढचे नाव घेताना आपली छाती फुगते, ते अलीगढ काय होते? सर सय्यद अहमद खान यांनी १८७५ मध्ये मदरसा सुरू केला, १८७७ मध्ये कॉलेजची पायाभरणी झाली. १८८४ मध्ये तिथे विद्यार्थ्यांचा सिडन्स युनियन क्लब निघाला आणि मुले वादविवाद करू लागली. वसतिगृह, क्रिकेट, मुशायरे, हे त्या कॉलेजचे शोभेचे सामान नव्हते, तो शिक्षणाचा भाग होता. मौलाना शौकत अली तिथल्या क्रिकेट संघाचे कप्तान होते. पुढे खिलाफत चळवळीत देशभर फिरले. १९२० मध्ये असहकाराच्या हाकेला ओ देऊन अलीगढमधून बाहेर पडलेल्या विद्यार्थी-शिक्षकांनी जामिया मिल्लिया उभी केली. त्यांत हैदराबादेत जन्मलेले झाकिर हुसेन होते, जे पुढे राष्ट्रपती झाले. ही माणसे फक्त 'इम्तिहान' देऊन घडली असे कुणाला वाटते काय?

आणि मुलींचे म्हणाल, तर अलीगढलाच शेख अब्दुल्ला आणि वहीद जहाँ बेगम यांनी १९०६ मध्ये मुलींची शाळा काढली आणि १९१४ मध्ये वसतिगृह सुरू केले. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी शरीफ घरांतल्या मुली घराबाहेर राहून शिकल्या. त्या दांपत्याची मुलगी रशीद जहाँ डॉक्टर झाली आणि लेखिका झाली. त्याच शाळेत इस्मत चुगताई शिकली. पुढे ती बी.ए. झाली, बी.टी. झाली, म्हणजे आमच्यासारखीच शिक्षकाची पदवी तिने घेतली, आणि उर्दू कथेला तिने जे दिले ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्या मुलींना कुणी "पेपर देके सीधा घर आना" म्हटले असते, तर उर्दू साहित्य आज किती गरीब असते!

कुणी म्हणेल, अलीगढ लांबचे. मग जवळचे उदाहरण घ्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे १९५० मध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, कॉलेज काढले. तेच मिलिंद महाविद्यालय. खेड्यापाड्यातून, महारवाड्यातून आलेली मुले तिथल्या वसतिगृहांत राहिली. प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' हे नाटक लिहिले आणि ते मिलिंदच्या विद्यार्थ्यांनी केले. त्याच परिसरात लिहिते-वाचते तरुण एकमेकांना भेटले, वाद घातले, अंक काढले. गंगाधर पानतावणे यांच्या 'अस्मितादर्श'ने साठच्या दशकाच्या अखेरीपासून दलित लेखकांच्या पिढ्या उभ्या केल्या. दलित साहित्याच्या मागे बाबासाहेबांची चळवळ होती, जगण्याची आग होती, हे खरेच. पण त्या आगीला बसायला जागा मिळाली ती वसतिगृहाच्या खोलीत, स्नेहसंमेलनाच्या मंचावर आणि कॉलेजच्या अंकात. आपणही १९९० मध्ये सोलापूरला मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरवले, त्याला आता तीन दशके उलटून गेली. नवे लेखक कुठून येणार, म्हणून आपण दर संमेलनात चिंता करतो. जिथून ते येतात तिथे तर आपण मुलांना जाऊ देत नाही.

आता मुलींचा प्रश्न सरळ मांडतो. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास समाजकार्य आणि एक सात दिवसांचे शिबिर असा तिचा नियम. शिबिर एखाद्या खेड्यात असते. मुली सकाळी श्रमदान करतात, दुपारी घरोघर जाऊन पाहणी करतात, संध्याकाळी पथनाट्य बसवतात. सोबत प्राध्यापिका असतात. सात दिवसांत मुलगी बोलायला, हिशेब ठेवायला, वीस जणींचा स्वयंपाक पार पाडायला, सरपंचाशी वाद घालायला शिकते. आपल्या मुलीचे नाव यादीत असते, कारण नाव द्यायला घरी विचारावे लागत नाही. निघायच्या दिवशी ती आजारी पडते. हा आजार आम्हाला चांगला ठाऊक आहे. अब्बा तयार असतात, अम्मी कशीबशी तयार होते. मोठा भाऊ, जो स्वतः दहावी नापास होऊन चौकात उभा असतो, तो "लोग क्या बोलेंगे" म्हणून नकार देतो. घरातल्या सर्वांत कमी शिकलेल्याच्या हाती सर्वांत जास्त शिकणारीचा लगाम, हा कुठला न्याय?

यावर लोकांनी उपाय काढला आहे तो बहिःस्थ परीक्षेचा. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये आणि हैदराबादचे मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ १९९८ मध्ये स्थापन झाले. दूरशिक्षणाने पुष्कळांचे भले केले. नोकरी करणाऱ्याला, लग्नानंतर पुन्हा पुस्तक हाती घेणारीला ते वरदान आहे. पण अठरा वर्षांच्या धडधाकट मुलीला कॉलेजपासून लांब ठेवायला त्याचा उपयोग होतो, तेव्हा आमचा विरोध आहे. तिच्या हाती पदवी येते आणि तिने कॉलेजची पायरी पाहिलेली नसते.

आकडे पाहा. केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण पाहणीप्रमाणे २०१९-२० मध्ये देशात सुमारे २१ लाख मुस्लिम विद्यार्थी उच्च शिक्षणात होते. २०२०-२१ मध्ये ते १९ लाख २१ हजारांवर आले. एकूण विद्यार्थ्यांत आपले प्रमाण ४.६ टक्के, आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्येतले प्रमाण १४.२ टक्के. म्हणजे आधीच दारात पोचणारे थोडे. त्या थोड्यांनी दाराशीच उभे राहावे, हे परवडणारे आहे का?

एवढे घरच्यांना सुनावले म्हणून महाविद्यालयांनी हात झटकू नयेत. "तुमच्या मुलांना यात इंटरेस्टच नसतो," हे आम्ही प्राध्यापकांच्या तोंडून अनेकदा ऐकले आहे. इंटरेस्ट तुम्ही कधी विचारलात? एका महाविद्यालयात स्नेहसंमेलनाची तालीम दर शुक्रवारी दीडला ठेवली जात होती आणि पुन्हा तक्रार अशी, की ही मुले तालमीला येत नाहीत. आपल्या मुलाला मंचावर जागा मिळते ती राष्ट्रीय एकात्मतेच्या देखाव्यात. शेरवानी आणि टोपी घालायची, हात जोडलेल्या मित्राशेजारी सलाम करत उभे राहायचे, संवाद एकही नाही. एखाद्या मुलीने उत्तम मराठी भाषण केले, की "अरे वा, तुझं मराठी किती छान आहे!" अशी शाबासकी मिळते. या शाबासकीत अपमान आहे, हे शाबासकी देणाऱ्याच्या ध्यानीमनीही नसते. ताडकळसच्या मुलीचे मराठी छान नसेल तर काय फ्रेंच छान असेल?

त्यात पोशाखाचे राजकारण. २०२२ मध्ये कर्नाटकात हिजाबवरून मुली वर्गाबाहेर राहिल्या. त्या वर्षी १३ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी दोन वेगळे निकाल दिले. मुंबईत चेंबूरच्या एका महाविद्यालयाने हिजाब, टोपी, बॅज यांवर बंदी घातली. उच्च न्यायालयाने विद्यार्थिनींची याचिका फेटाळली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या बंदीला अंशतः स्थगिती दिली. घरात भाऊ म्हणतो बुरख्याशिवाय जाऊ नको, फाटकावर शिपाई म्हणतो बुरख्यात येऊ नको. दोघांचा निकाल एकच, ती घरी बसते. तिने काय घालावे हे तिला ठरवू द्या आणि तिला आत जाऊ द्या, एवढेच आमचे दोघांनाही सांगणे आहे.

काही जण म्हणतील, हे सगळे हौसेचे आहे, गरिबाच्या पोराला नोकरी हवी. त्यांनी नवे नियम वाचावेत. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात महाराष्ट्राने २०२३ पासून सहअभ्यासक्रमांना, म्हणजे एन.एस.एस., एन.सी.सी., क्रीडा, कला यांना श्रेयांक दिले आहेत. कालपर्यंत 'जादा' होते ते आता गुणपत्रिकेत आहे. पुढारीपणाचेही तसेच. महाविद्यालयांतल्या खुल्या निवडणुका १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने बंद झाल्या. २०१६ च्या कायद्याने त्यांची वाट पुन्हा मोकळी केली, २०१९ मध्ये त्या घ्यायचे ठरले आणि विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर लांबणीवर पडल्या. लिंगडोह समितीच्या २००६ च्या शिफारशींप्रमाणे उमेदवाराची ७५ टक्के हजेरी लागते. जो मुलगा फक्त पेपरला येतो, तो उद्या निवडणूक झाली तरी उभा राहू शकणार नाही. मग ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत आपले कुणी नाही म्हणून रडायचे.

आणि गुण, नोकरी, निवडणूक यांहून मोठी एक गोष्ट आहे. ज्याने शिबिरात सात दिवस एका ताटात पिठले-भाकरी खाल्ली, तो मित्र गावात अफवा उठते त्या रात्री फोन करतो. ज्याची ओळख फक्त हजेरीपटावर होती, त्याला कुणी फोन करीत नाही. आजच्या दिवसांत ही साधी गोष्ट नाही.

तेव्हा आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. उर्दू शाळांनी सालाना जलशात निम्मे कार्यक्रम मराठीत करावेत. बैतबाजी राहू द्यावी आणि शेजारी मराठी वक्तृत्वही बसवावे. पालकांनी दाखला घेताना फीबरोबर हेही विचारावे, की इथे एन.एस.एस. आहे का, शिबिराला प्राध्यापिका सोबत असतात का, मुलींच्या तक्रारीसाठी समिती आहे का. रॅगिंगविरोधी कायदा राज्यात १९९९ पासून आहे, लैंगिक छळाविरुद्ध समिती नेमण्याचे विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे नियम आहेत. भीती वाटते तर नियम मागा, मुलीला कोंडू नका. महाविद्यालयांनी सांस्कृतिक समितीत आपली मुले नेमावीत, देखाव्यात उभी करू नयेत. तालमी आणि स्पर्धा अशा वेळी संपवाव्यात, की खेड्यातल्या मुलीला शेवटची एस.टी. मिळेल. मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना निम्मे तिकीट आहे. पण गाडीच निघून गेली तर निम्म्या तिकिटाचे काय करायचे? आणि मशिदीच्या कमिट्यांनी, ज्या दहावी-बारावीच्या गुणवंतांचे सत्कार करतात, त्यांनी यंदापासून एक हार जादा आणावा. तो वादविवाद जिंकणाऱ्या, नाटकात काम करणाऱ्या, शिबिर पूर्ण करणाऱ्या मुलीच्या गळ्यात पडावा. मोहल्ला ज्याचा सत्कार करतो, त्याच वाटेने पुढची मुले जातात.

पालकहो, तुमच्या मुलांनी शाळेत शेकडो शेर पाठ केले आहेत. त्यांना आवाज आहे, हजरजबाबीपणा आहे, हिंमतही आहे. यंदा कॉलेजच्या फलकावर स्पर्धेची यादी लागेल, तेव्हा त्यात त्यांचे नाव लिहू द्या. आणि जायच्या दिवशी त्यांना आजारी पाडू नका.